सोलापुरातील पहिली दिवाळी: जबाबदाऱ्या आणि ताण कसे सांभाळावेत

बदली होऊन, लग्न होऊन किंवा वडीलधाऱ्यांकडून घराची सूत्रे हाती आल्यामुळे जे यंदा प्रथमच सोलापुरात स्वतःच्या घरची दिवाळी करणार आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. सणाची हौस सर्वांनाच असते. पण त्याबरोबर येणारे मानपान, पाहुणे, खर्च, सुट्ट्यांची ओढाताण आणि घरातील कामे यांचा अंदाज पहिल्या वर्षी बहुतेकांना येत नाही. अनेक वर्षे हा सण या शहरात करताना माझे असे मत झाले आहे की, माणूस कामाने जितका थकतो त्याहून अधिक तो न बोलल्या गेलेल्या अपेक्षांनी थकतो. कोणाकडे किती दिवस राहायचे, कोणाला काय द्यायचे, फराळ किती करायचा, या गोष्टी जोवर कोणी स्पष्ट बोलत नाही तोवर प्रत्येकजण आपापल्या मनाने त्या ठरवत असतो आणि ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी त्यावरून वाद होतो. म्हणून पुढील बहुतेक पायऱ्या दसऱ्यापूर्वीच्या आहेत. तेवढे आधी झाले, तर प्रत्यक्ष सणाच्या दिवसांत ठरवण्यासारखे फारसे उरत नाही.

पहिली पायरी: घटस्थापना ते रथसप्तमी एका नजरेत घ्या

बाहेरून आलेल्यांना दिवाळी म्हणजे वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंतचे दिवस वाटतात. सोलापुरात सणांचा काळ त्याहून बराच मोठा आहे. नवरात्रात रूपाभवानीच्या दर्शनाला पहाटेपासून गर्दी असते. पूर्व भागातील तेलुगू भाषक पद्मशाली घरांत बतुकम्मा हा फुलांचा सण असतो. कोजागरीला असंख्य भाविक सोलापुरातून तुळजापूरला चालत जातात, तेव्हा घरातील कोणीतरी त्यात असते किंवा वाटेवरच्या सेवेत तरी असते. दिवाळी संपते न संपते तोच पंढरपूरची कार्तिकी एकादशी आणि तुळशीचे लग्न येते. त्यानंतर थोडी उसंत मिळते आणि संक्रांतीच्या सुमारास ग्रामदैवत श्री सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते. बाहेरगावी स्थायिक झालेले कित्येक सोलापूरकर दिवाळीला एखादे वर्ष येणार नाहीत, पण या यात्रेतील अक्षता सोहळ्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक विवाहाला, येतातच. त्यामुळे पाहुण्यांची मोठी फेरी तुमच्याकडे नोव्हेंबरात येणार की जानेवारीत, हे सासरच्या किंवा शेजारच्या मंडळींना आधी विचारून ठेवा.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर हे सगळे दिवस खुणा करून घ्या. दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत साधारण वीस दिवस मिळतात आणि साफसफाई, खरेदी, फराळ हे सर्व त्यातच बसवायचे असते. याच कॅलेंडरवर कार्यालयातील कामाचे दिवस, मुलांच्या सहामाही परीक्षा आणि, सोलापुरात विसरून चालणारच नाही अशी गोष्ट म्हणजे, पाण्याचे दिवस लिहा. त्याविषयी पुढे सविस्तर येईलच.

दुसरी पायरी: देणे-घेणे आणि करणे वहीत उतरवा

एक वही घ्या आणि या काळात तुमच्याकडून अपेक्षित असलेली प्रत्येक गोष्ट तीत लिहा. लेकीजावयाचा पहिला दिवाळसण, बहिणींची भाऊबीज, पाडव्याची ओवाळणी, गावाकडे पाठवायचा फराळाचा डबा, कार्यालयातील सहकाऱ्यांना मिठाई, घरकामाच्या मावशी, घंटागाडीवरचे कर्मचारी व पहारेकरी यांची दिवाळी पोस्त, सोसायटीची वर्गणी, घराची रंगरंगोटी, जुन्या गादीचा कापूस पिंजून घेणे, असे सगळे. ही यादी दोघांनी मिळून करावी, कारण एकाला जी गोष्ट सहज सुचते ती दुसऱ्याच्या गावीही नसते.

यादी झाली की प्रत्येक ओळीसमोर एका माणसाचे नाव लिहा: ही गोष्ट केली नाही, तर नेमके कोणाला वाईट वाटेल? जिथे लगेच नाव सुचते, ती गोष्ट करायची आहे, भले ती थोडक्यात का होईना. जिथे नाव सुचतच नाही आणि फक्त ‘लोक काय म्हणतील’ एवढेच मनात येते, ती गोष्ट यंदा निःसंकोच सोडा. या कसोटीने यादी बरीच लहान होते. माझ्या पाहण्यात सात प्रकारचा फराळ, नवे पडदे आणि सोसायटीतील प्रत्येक घरी डबा या तीन गोष्टी बहुतेकदा नावाशिवायच राहतात. याउलट, गावाकडे एकट्या राहणाऱ्या आत्याला एक फोन आणि पाव किलो लाडू, ही ओळ यादीत अगदी तळाशी असली तरी तिच्यापुढे नाव ठळक असते.

तिसरी पायरी: ठरवलेले बोलून दाखवा, आणि ज्याने त्याने आपल्या माणसांशी बोला

सर्वात अवघड पायरी हीच आहे आणि लोक नेमकी हीच टाळतात. दिवाळीचे कोणते दिवस सासरी, कोणते माहेरी आणि कोणते आपल्या घरी, हे दसऱ्याच्या आधी दोन्ही घरांना कळले पाहिजे. निरोप कोणी द्यायचा याचा एक साधा नियम पाळावा: मुलाने आपल्या आईवडिलांशी बोलावे आणि मुलीने आपल्या. नव्या सुनेने सासूबाईंना ‘आम्ही पाडव्याला येऊ शकणार नाही’ असे सांगितले की त्या एका वाक्याचे अनेक अर्थ निघतात. तेच वाक्य मुलाने सांगितले तर आई त्याला रागावते आणि विषय तिथेच मिटतो.

बोलताना नकार आधी देऊ नये. काय करणार आहोत ते आधी सांगावे. उदाहरणार्थ, बार्शीला असलेल्या आईला फोनवर असे सांगता येईल: “आई, आम्ही वसुबारसेला संध्याकाळी येतो, नरकचतुर्दशीची आंघोळ तुमच्याकडेच. लक्ष्मीपूजन मात्र यंदा नव्या घरात करायचं ठरवलंय. तुम्ही आणि बाबा भाऊबीजेनंतर इकडे आलात तर चार दिवस निवांत राहता येईल.” यात तारीख आहे, कारण आहे आणि पुढचे निमंत्रणही आहे. ‘बघू, जमलं तर येतो’ हे उत्तर सर्वांत वाईट, कारण समोरचे लोक जमणार असे धरून तयारी करतात आणि आपण न जमण्याच्या तयारीत असतो.

थोरांकडून नाराजी आली तर ती ऐकून घ्यावी. लगेच बचाव करू नये. वर्षानुवर्षे भरल्या घरात दिवाळी केलेल्या बाईला पहिल्यांदा मुलाविना लक्ष्मीपूजन करायचे असते, तेव्हा तिचा सूर थोडा कडू लागणारच. ‘तुम्हाला वाईट वाटणार हे मला कळतंय’ एवढे म्हणणे पुरेसे असते. ठरवलेले मात्र त्याच फोनवर बदलू नये. विचार करायचा असेल तर दोन दिवसांनी दोघांनी मिळून करावा.

चौथी पायरी: पैशांची वाटणी बोनस येण्याआधी करा

यंत्रमाग, गारमेंट, विडी आणि बाजारपेठ यांवर चालणाऱ्या या शहरात अनेक घरांची दिवाळी बोनसवर अवलंबून असते. कायद्याने पात्र कामगाराला मिळणारा बोनस किमान ८.३३ टक्के आणि जास्तीत जास्त २० टक्के असतो, पण तो ज्या वेतनावर मोजतात त्याला मर्यादा असते. त्यामुळे पूर्ण पगाराच्या हिशेबाने आकडा मनात धरू नये. शिवाय आर्थिक वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांच्या आत तो देण्याची मुदत आहे, म्हणजे मार्चअखेर वर्ष बंद करणाऱ्या आस्थापनेसाठी ही मुदत नोव्हेंबरअखेरपर्यंत जाते. ज्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरात येते, त्या वर्षी बोनस सणानंतरही हाती येऊ शकतो. म्हणून किती आणि कधी, हे आधी विचारून घ्या आणि हाती नसलेल्या पैशांवर खरेदी करू नका.

वहीतील यादीवरून खर्चाचे गट पाडा: कपडे, फराळ, ओवाळणी आणि आहेर, पोस्त, प्रवास, पाहुणे. सातवा गट संक्रांतीचा. तो पहिल्या वर्षी हमखास विसरला जातो आणि जानेवारीत गड्ड्यावर मुले हट्ट करत असताना व हळदीकुंकवाचे वाण घ्यायचे असताना हात आखडतो. जमेल ती रक्कम आताच बाजूला काढून ठेवा.

ओवाळणीच्या बाबतीत भावंडांनी आपसांत बोलून घ्यावे. चुलत आणि मावस भावंडे धरून दहा-बारा घरे होतात. त्यांतील एकाने मोठी रक्कम घातली की बाकीच्यांवर ओझे येते. ‘सगळ्यांनी सारखी आणि साधी रक्कम, सख्ख्या बहिणीला ज्याने त्याने हौसेने’ असे एकदा ठरले की ते वर्षानुवर्षे चालते. हे सुचवायचा मान घरातील मोठ्या भावाकडे किंवा ताईकडे द्यावा. पोस्त किती द्यावी याला ठरावीक दर नाही. कित्येक घरांत कामाच्या मावशींना एक महिन्याचा पगार जादा देतात, काही ठिकाणी साडी आणि रोख. शेजारी विचारा, आपल्या ऐपतीने ठरवा, पण धनत्रयोदशीच्या आधी द्या. त्यांनाही बाजार करायचा असतो आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मिळालेल्या पैशांचा सणाला उपयोग होत नाही.

बाहेरगावच्या नातेवाइकांना काय न्यावे, असा प्रश्न पडला तर सोलापूरकरांना उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही. येथील चादर आणि टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. त्या रोजच्या वापरात येतात, प्रवासात फुटत नाहीत आणि सर्वांना सारख्या देता येतात. मात्र नावाची नक्कल करून विकला जाणारा मालही बाजारात असतो, तेव्हा ओळखीच्या दुकानातून घ्या.

पाचवी पायरी: साफसफाई पाण्याच्या दिवसांवर बेता

ज्या गावात नळाला रोज पाणी येते तिथून आलेल्यांनी ही पायरी दोनदा वाचावी. सोलापूरला उजनीचे पाणी मिळते, पण शहरात ते रोज येत नाही. भागाप्रमाणे काही दिवसांआड येते आणि जलवाहिनीची दुरुस्ती निघाली तर आणखी पुढे ढकलले जाते. तुमच्या भागाचा दिवस आणि वेळ कोणती, हे शेजाऱ्यांकडून पहिल्याच आठवड्यात माहीत करून घ्या. येथील जुन्या गृहिणी दिवाळीची सगळी कामे या दिवसाभोवती बसवतात. ती पद्धत अशी:

पाणी येण्याच्या आदल्या दिवशी मांडणी उतरवायची, डबे रिकामे करायचे, जाळी-जळमटे झाडायची, म्हणजे सर्व कोरडी कामे उरकायची. पाणी आले की प्रथम पिण्याचे आणि स्वयंपाकाचे भरून घ्यायचे, मग टाकी आणि पिंपे, आणि नळ चालू असतानाच जाड चादरी, पडदे, सतरंज्या धुवायला घ्यायच्या. ऑक्टोबरच्या उन्हात त्या संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळतात. घासण्यासाठी काढलेली पितळी भांडीही याच वेळी. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने पुसायची कामे आणि डबे पुन्हा लावणे. एका पाण्याला एकच खोली किंवा एकच प्रकारचे काम, असा नेम ठेवला तर दसरा ते धनत्रयोदशी एवढ्या काळात घर सहज आवरते. सगळे घर एका रविवारी काढायचे ठरवले आणि त्या दिवशी पाणी आले नाही, तर पसारा आठवडाभर तसाच पडतो आणि घरातील प्रत्येकाची चिडचिड होते.

नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानासाठी वेगळे पाणी राखून ठेवा. पाहुणे येणार असतील तर माणशी दोन बादल्या धरून हिशेब करा. साठवलेली पिंपे घट्ट झाकणाने किंवा फडक्याने झाकून ठेवा आणि आठवड्यातून एकदा रिकामी करून आतून घासा, कारण डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो आणि पावसाळा सरतानाचे हे महिने त्याचेच असतात. सणात घरातील एकजण तापाने पडला की बाकी सर्व नियोजन बाजूला राहते.

सहावी पायरी: देवदर्शनाला येणाऱ्या पाहुण्यांची तयारी

सोलापुरात घर असणे म्हणजे नातेवाइकांसाठी देवदर्शनाच्या वाटेवर मुक्कामाची जागा असणे. तुळजापूर साधारण ४५ किलोमीटर, अक्कलकोट ४० किलोमीटर, पंढरपूर ७० किलोमीटरच्या आसपास. पुण्या-मुंबईची मंडळी दिवाळीच्या सुटीत ही तिन्ही ठिकाणे करायची म्हणून येतात आणि मुक्काम तुमच्याकडे ठेवतात. हे पाहुणे हवेसे असतात, पण तीन वेगवेगळी कुटुंबे एकाच आठवड्यात आली तर घरच्या बाईला स्वतःचा सण राहत नाही.

त्यासाठी पाहुण्यांनी विचारण्याची वाट न पाहता आपणच त्यांना विचारावे: किती जण, कोणत्या गाडीने, किती रात्री? दोन कुटुंबांच्या तारखा एकत्र येत असतील तर मोकळेपणाने सांगावे: “दादा, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी वन्सं येताहेत. तुम्ही त्यानंतर आलात तर नीट बोलता-बसता येईल.” असे सांगण्यात कोणताही अपमान नाही, आणि समजूतदार पाहुण्याला ते बरेच वाटते. सल्लाही द्यावा: तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळावी, अक्कलकोटला गुरुवार टाळावा. पाहुण्यांचा दर्शनाचा दिवस लवकर उरकला की तुमचाही स्वयंपाक वेळेवर होतो.

जेवणाबाबत सोलापूरकडे एक हक्काची सोय आहे. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी विकत मिळते, कितीतरी दिवस टिकते आणि बाहेरच्या पाहुण्यांना तिचे अप्रूप असते. आल्या दिवशी गरम साग्रसंगीत जेवण करावे; पहाटे दर्शनाला निघणाऱ्यांना मात्र कडक भाकरी, चटणी आणि दही बांधून द्यावे. रोज दोन वेळा पोळ्यांची रास लाटण्याचा हट्ट धरू नये. पाहुण्यांना कामेही सांगावीत. भाजी निवडणे, अंथरुणे घड्या करणे, मुलांना सिद्धेश्वर तलावाकडे फिरवून आणणे, ही कामे आलेली माणसे आनंदाने करतात. त्यांना कोणी सांगत नाही, म्हणून ती बसून राहतात.

सातवी पायरी: फराळ, बाजार आणि प्रवास

फराळात चार प्रकार पुरेसे आहेत, त्यांतील दोन घरी करावेत आणि दोन विकत घ्यावेत, असे मी नव्या मंडळींना नेहमी सांगते. घरी काय करायचे ते घरातल्यांच्या आवडीवरून ठरवा. अनारसे करणार असाल तर तांदूळ तीन दिवस भिजवावा लागतो, पाणी रोज बदलावे लागते आणि पीठ गुळात मळून पुन्हा मुरवावे लागते, म्हणून ते काम सर्वांत आधी. शंकरपाळी आणि लाडू टिकतात, ते आधी करा, चिवडा शेवटी, ओल्या नारळाच्या करंज्या अगदी आयत्या वेळी. बचत गटांतील महिला ऑर्डरी घेतात, पण शेवटच्या आठवड्यात त्यांचे हात रिकामे नसतात, म्हणून कोजागरीच्या सुमारास सांगून ठेवा.

नवी पेठ, टिळक चौक, मधला मारुती हा पट्टा दिवाळीच्या आधीच्या रविवारी तुडुंब भरतो. कपडे दसऱ्यालाच घ्या, पूजेचे साहित्य सकाळी दुकाने उघडताच घ्या आणि चारचाकी नेऊ नका. झेंडूची फुले, लाह्या-बत्तासे आणि केरसुणी मात्र आदल्या दिवशी जवळच्या चौकातही मिळतात.

रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. भाऊबीजेनंतर पुण्या-मुंबईकडे परतण्याचे तिकीट जाण्याच्या तिकिटाआधी पाहा, कारण खरी गर्दी तेव्हाची असते. एसटीत महिलांना अर्धे तिकीट आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे, तेव्हा आईवडिलांना इकडे बोलावणे कधीकधी अधिक सोयीचे पडते.

आठवी पायरी: शरीर आणि मन यांच्याकडे लक्ष

सणाच्या आठवड्यात उशिरा झोपणे आणि पहाटे उठणे सलग घडते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी तासभर पडायचे, असे घरात जाहीर करूनच टाका. स्वयंपाकघर त्या वेळेत बंद. मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चार दिवस पुरतील एवढ्या धनत्रयोदशीच्या आधी आणून ठेवा, कारण नंतर दवाखाने बंद असतात. फटाक्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली होती. घरात तान्हे बाळ, दम्याचा रुग्ण किंवा वृद्ध असतील तर सोसायटीच्या बैठकीत हा विषय आधीच काढावा, म्हणजे ऐन वेळी कोणाशी भांडावे लागत नाही.

ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला आहे, तिथे अनेक कुटुंबांत फराळ करत नाहीत; नातेवाईक आणि शेजारी तो घेऊन जातात. तुमच्या शेजारी असे घर असेल तर डबा घेऊन जा आणि थोडा वेळ बसा. तुमच्याच घरी हे दुःख असेल, तर कंदील लावायचा की नाही, पणती लावायची की नाही, हे घरातल्यांनी ठरवावे. बाहेरच्यांना त्याचे स्पष्टीकरण देत बसण्याची गरज नाही. एकट्याने बदलीच्या गावी दिवाळी काढणाऱ्यांनी निदान एका घरी एका संध्याकाळचे जेवण आधी ठरवून ठेवावे. आमंत्रण येईल म्हणून वाट पाहू नये. सहकाऱ्याला ‘मी पाडव्याला तुमच्याकडे येऊ का’ असे विचारले तर सोलापुरात सहसा कोणी नाही म्हणत नाही.

छातीत धडधड, दिवसेंदिवस झोप न लागणे, सारखे रडू येणे, घरात कोणाशीच बोलावेसे न वाटणे, हे सणाच्या दगदगीने होते आहे असे समजून टाळू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, तो दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येते. जिवाला धोका वाटत असेल तर ११२ वर तत्काळ फोन करा.

नववी पायरी: भाऊबीजेनंतर

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी काहीही ठरवू नका. पाहुणे निघाले की घर निवांत राहू द्या. आठवड्याने दोघांनी वही पुन्हा उघडावी. कोणत्या गटात खर्च वाढला, कोणता डबा तसाच उरला, कोणाला द्यायचे राहून गेले, हे त्याच पानावर लिहा. राहिलेले देणे तुळशीच्या लग्नापर्यंत पोहोचवले तरी ते दिवाळीचेच मानले जाते.

त्यानंतर पुढचे पान गड्ड्याचे काढा. तैलाभिषेक, अक्षता सोहळा, होमप्रदीपन आणि शोभेचे दारूकाम या दिवसांत सिद्धेश्वर मंदिर आणि होम मैदानाभोवतीचे रस्ते वाहतुकीसाठी बदलतात, नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या मार्गावर गाडी अडकते आणि पाहुणे पुन्हा येतात. कोण येणार, किती रात्री राहणार आणि त्या आठवड्यात पाणी कोणत्या दिवशी, हे तीन प्रश्न डिसेंबरच्या मध्याला विचारून त्या पानावर लिहून ठेवा.